कडी (कढी नव्हे!)

मागे एकदा मण्यांच्या पदकांबद्दल लिहिलं होतं, तेव्हा दोन-तीन जणींनी विचारलं होतं, की पदक विणून झालं, छान दिसलं, पण ते गळ्यातल्या साखळीत अडकवायचं कसं? प्रश्न अगदी रास्त आहे. मणी विणायला शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण पदक पूर्ण झालं की सगळे "आता याला कडी लावा" एवढं एकच वाक्य बोलून मोकळे होतात. वरण-भात-भाजी सगळं सविस्तर सांगून शेवटी "आता जेवा" म्हणावं तसं! जेवायला ताट लागतं हे कोणी सांगायचं?

म्हणून आज फक्त कडीबद्दल लिहायचं ठरवलं आहे.

पण आधी एक गंमत. मी फोनवर एका भाचीला म्हटलं होतं, की सध्या मी रोज दुपारी कडी करत बसते. ही बातमी दोन फोन पलीकडे जाईपर्यंत कडीची कढी झाली. मग नणंदेचा फोन. "वहिनी, रोज रोज कढी? दादाला बाधेल ना!" आमच्या 'ह्यां'ना कढी आवडते हे खरं, पण तारेची कढी त्यांनाही पचली नसती.

मराठीत या 'कडी' शब्दाचा संसार फार मोठा आहे. दाराची कडी, बादलीची कडी, झोपाळ्याची कडी, साखळीतली एक एक कडी. कोणी आपल्यावर मात केली तर त्याने कडी केली. इंग्रजीत पदकाच्या कडीला 'बेल' म्हणतात. तारकाम शिकवणाऱ्या परदेशी बायकांच्या तोंडी हा शब्द सारखा येतो. मला बेल माहीत होती ती तीन प्रकारची. महादेवाला वाहतो तो, शाळा सुटल्यावर वाजते ती आणि कोर्टात मिळतो तो. शिवाय क्रिकेटच्या यष्टीवर ठेवतात त्या बेल्स. या सगळ्यांचा गळ्यातल्या पदकाशी काय संबंध? शेवटी शब्दकोश उघडला. तर या 'बेल'चा एक जुना अर्थ निघाला तो चक्क बादलीची किंवा किटलीची अर्धगोल कडी! म्हणजे ती माणसंही बादलीकडे पाहूनच म्हणाली आणि आपणही बादलीकडे पाहूनच म्हणालो. भाषा शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला अशा दिवशी जेवण दोन घास जास्त जातं.

बादलीवरूनच कडीचं काम नीट समजतं. बादली कितीही देखणी असली तरी कडी नसेल तर ती कडेवर घेऊन चालावी लागते. आणि भरलेल्या बादलीचा सगळा भार येतो तो त्या दोन टोकांवर. आपल्या जुन्या दागिन्यांमध्येही पाहा. पुतळ्यांच्या माळेतल्या प्रत्येक पुतळीला वर डाग देऊन जोडलेली कडी असते. ताइताला दोन बाजूंना दोन कड्या असतात. माळ बघताना आपण पुतळी बघतो, कडी कोणी बघत नाही. पण दागिना हरवतो तो बहुतेक वेळा कडी झिजल्यामुळेच. सोनाराकडे दुरुस्तीला येतात त्यात कड्यांचं काम किती असतं, हे कोणाही सोनाराला विचारावं.

सोनाराची कडी डाग देऊन पक्की केलेली असते. आपल्याला घरी डाग देता येत नाही, म्हणून आपण ती तार वळवून आणि गुंडाळून पक्की करायची. या घरगुती कडीत पाहण्यासारख्या तीन गोष्टी असतात. तार कोणती, कडीचं तोंड कुठल्या दिशेला आणि तारेचं टोक कुठे लपलं. एवढं जमलं की बाकी सगळा हाताचा सराव.

आधी तारेचं बघू. तार मोजतात गेजने, आणि गेजचं गणित उलटं. नंबर मोठा तितकी तार बारीक. शाळेतलं व्यस्त प्रमाण! याचं कारण असं सांगतात, की सोनार किंवा तारकस पोलादी पट्टीच्या भोकांतून, म्हणजे जंतरातून, तार ओढत ओढत बारीक करतो. जितक्या वेळा ओढली तितका तिचा नंबर. वीस वेळा ओढलेली तार दहा वेळा ओढलेलीपेक्षा बारीक असणारच. हे कळलं की नंबर पाठ करायला लागत नाही. विणकामाच्या सुयांनाही आपल्याकडे हाच न्याय आहे. ८ नंबरची सुई ४ मिलीमीटरची आणि १० नंबरची सव्वातीन मिलीमीटरची. ज्यांनी स्वेटर विणले त्यांना हे नवीन नाही.

पण गेजमध्ये एक मेख आहे. अमेरिकेचं गेज वेगळं आणि ब्रिटिशांचं वेगळं. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात बहुधा ब्रिटिश गेज चालतं आणि शिकवणारी बाई असते अमेरिकेतली. तिची २० गेजची तार असते ०.८१ मिलीमीटर जाड आणि आपल्या दुकानदाराची २० गेज निघते ०.९१. फरक म्हटला तर केसाएवढा, पण वळवताना बोटांना चांगला कळतो. म्हणून मी दुकानात मिलीमीटरमध्येच मागते. लहान पदकाच्या कडीला ०.८ मिलीमीटर तार पुरते. गुंडाळायला वेगळी बारीक तार घ्यायची तर ०.४ ची. पुण्यात असाल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मणी, तार, कड्या, आकडे सगळं एका रस्त्यावर मिळतं. फक्त सकाळी लवकर जावं. नंतर तिथे माणूसच तारेसारखा ओढला जातो.

तांब्याची तार मऊ, म्हणून शिकायला उत्तम. पितळेची ताठ, ती मनगटाची परीक्षा घेते. चांदीची तार मऊ असते आणि तिला रूपही छान, पण ती महाग, म्हणून तांब्यावर हात बसल्यावरच घ्यावी. आणि कुठलीही तार असो, ती वाकवली की त्या जागी कडक होते. पुन्हा सरळ केली, पुन्हा वाकवली, पुन्हा सरळ केली की तुटते. वर्गात मुलं कागदाची क्लिप उलगडून मागेपुढे करत बसायची आणि चार-पाच वेळात ती 'टक्' करून तुटायची, तसंच. म्हणून तार एकदाच, ठरवून वळवायची. चुकली तर ती सरळ करत बसायचं नाही, दुसरा तुकडा घ्यायचा. शेजारच्या मुली शिकायला येतात त्यांना मी पहिला आठवडा तांब्याच्या तारेची फक्त वेटोळी करायला लावते. त्यांना कंटाळा येतो. येऊ दे. पाटीवर गिरवल्याशिवाय अक्षर येत नाही.

हत्यारं तीनच. एक गोल निमुळत्या तोंडाची पक्कड, एक चपट्या टोकाची पक्कड आणि एक तार कापायचा कटर. गोल पकडीचं तोंड टोकाला बारीक आणि मागे जाड असतं, त्यामुळे कधी टोकाशी, कधी मागे वळवलं की दोन कड्या सारख्या येत नाहीत. म्हणून पकडीच्या तोंडावर शाईच्या पेनने एक रेघ मारून ठेवावी आणि दर वेळी त्या रेघेवरच तार वळवावी. मोठ्या कडीसाठी तार सुईवर, पेन्सिलवर किंवा पेनावर गुंडाळायची.

आता दिशा. ही गोष्ट कागदावर कोणी सांगत नाही आणि इथेच नवख्यांची पदकं साखळीत घातली की मान वळवून बसतात, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखी भिंतीकडे तोंड करून. त्याचं कारण साधं आहे. साखळी गळ्यात डावीकडून उजवीकडे जाते. म्हणजे कडीच्या वरच्या गोलाचं भोक बाजूने बघणाऱ्याला दिसायला हवं, समोरून नाही. आता पदकाच्या माथ्यावरचं भोक बघा. ते समोरून पाठीकडे जाणारं असेल, तर कडीचा खालचा गोल आणि वरचा गोल एकाच दिशेचे ठेवायचे. पण माथ्यावरच्या मण्याचं भोक डावीकडून उजवीकडे असेल, तर वरचा गोल खालच्याला काटकोनात, म्हणजे पाव वळसा फिरवून करायचा. तार कापायच्या आधी साखळी आणि पदक टेबलावर ठेवून एकदा बोटाने दिशा दाखवून घ्यावी. यात लाजण्यासारखं काही नाही. भूमितीचे शिक्षकसुद्धा हवेत बोटं फिरवतात.

तिसरी गोष्ट टोकाची. मण्यांचं पदक शेवटी धाग्यावर उभं असतं आणि कापलेल्या तारेचं टोक धाग्याचा वैरी. कटरने कापलेलं टोक दिसायला गुळगुळीत असलं तरी त्याला धार असते. ते महिना-दोन महिने धाग्याला घासत राहतं आणि एक दिवस भर बसस्टॉपवर मणी रस्त्याला. म्हणून टोक नखं घासायच्या कानशीने गोल करायचं आणि गळ्याशी गुंडाळलेल्या वेढ्याखाली चपट्या पकडीने दाबून बसवायचं. पक्कं बसलं की नाही हे बघायला कापसाचा बोळा घ्यावा आणि कडीवरून सगळीकडून फिरवावा. एक जरी तंतू अडकला तरी काम बाकी आहे असं समजावं. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, पण कापूस खोटं बोलत नाही.

धातूचं आणि धाग्याचं असं वैर असलं तरी कधी कधी धातूच धाग्याला सांभाळतो, हे इतिहास शिकवताना मी मुलांना हटकून सांगत असे. नेवाशाला डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात सांकलियांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं. तिथे एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. एवढ्या काळात धागा कधीच मातीत मिळून जायचा, पण मण्यांच्या आत, तांब्याच्या संगतीत, त्याचे अवशेष टिकले. कापूस आणि रेशमाचा धागा! ते मूल कोण, त्याचं नाव काय, आईने कुठली भाषा बोलून त्याला निजवलं, काहीच माहीत नाही. पण त्याच्या गळ्यात कोणीतरी मणी ओवून घातले होते, एवढं मात्र नक्की माहीत आहे. मणी मागे राहतात, असं मी तेव्हा मुलांना म्हणायची.

हे मणी मागे राहणं पुढे आमच्याच घरात बघायला मिळालं. आता जे लिहिते आहे ते माझ्या धाकट्या जावेला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा वहिनी, फक्त माझं नाव नको." म्हणून नाव नाही. घरच्यांना कळेलच.

धाकटे भावजी गेले तेव्हा आम्ही पुण्याहून सांगलीला पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. तोवर वडीलधाऱ्या बायकांनी आपल्या समजुतीप्रमाणे सगळं करून टाकलं होतं. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढताना सर तुटला आणि मणी घरभर झाले. कोणीतरी ते गोळा करून एका कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरले. सोन्याच्या वाट्या कपाटात गेल्या आणि डबी देवघराच्या खणात राहिली. सोन्याचा हिशेब सगळ्यांना असतो, काळ्या मण्यांचा नसतो.

त्या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली. मागच्या दिवाळीत ती आमच्याकडे राहायला आली होती. माझा मण्यांचा पसारा बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून ती डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "वहिनी, याचं काहीतरी करून द्या. गळ्यात घालता येईल असं. पण मंगळसूत्र नको."

मी काही विचारलं नाही. शिक्षकी पेशात एक गोष्ट शिकले, विद्यार्थी स्वतःहून बोलायला लागला की आपण खडू खाली ठेवावा.

डबीत दीडशेच्या आसपास मणी होते. काचेचे, काळेभोर, काहींच्या भोकात अजून जुन्या दोऱ्याचा तुकडा. मंगळसूत्राचे मणी एकसारखे दिसतात पण असतात थोडे लहानमोठे. म्हणून ते ताटात पसरून आम्ही दोघींनी तांदूळ निवडावेत तसे निवडले. विटा रचतात तशी एक वीण असते, त्यात ओळीओळीने मणी वाढवत गेलं आणि मग कमी करत आणलं की शंकरपाळ्याचा आकार होतो. वरून दोन, तीन, चार करत मधे सात आणि पुन्हा खाली दोनपर्यंत. बेरीज करून बघा, ४७ मणी होतात. जावेने ते दोनदा मोजले.

"कडी कशाची करू? सोन्याची तार मिळेल," मी म्हटलं.

"सोनं नको. सोनं म्हटलं की परत लोक वाट्या शोधतील."

मग चांदी ठरली. आमच्या नेहमीच्या सोनाराने ०.८ मिलीमीटरची चांदीची तार दिली. मी ४ मिलीमीटरच्या सुईवर कडी करायला घेतली, कारण पदक चांगलं रुपयाएवढं, त्यावर तेवढीच कडी शोभते. तर ती म्हणाली, "एवढी लहान नको. मोठी करा. साखळीचा आकडा तिच्यातून आरपार जाईल एवढी."

आता कारागिराच्या नजरेने हे काही बरोबर नाही. लहान पदकावर मोठी कडी म्हणजे लहान मुलाच्या डोक्यावर आजोबांची टोपी. तसं मी तिला सांगितलं. म्हटलं, "अगं, बसवायची एकदा, मग कायमची राहील साखळीत. आकडा कशाला जायला हवा?"

ती थोडा वेळ मणी चाळत बसली. मग म्हणाली, "वहिनी, ते पहिलं होतं ना, ते मी माझ्या हाताने घातलं नव्हतं. लग्नात ह्यांनी घातलं. आणि काढलं तेही माझ्या हाताने नाही. मला विचारलंही नाही कोणी. हे मला घालता आलं पाहिजे आणि काढताही आलं पाहिजे. एका साखळीतून काढून दुसऱ्या साखळीत. नको त्या दिवशी नको. माझं मी."

मग तिनेच हेरवाडची आठवण काढली. शिरोळ तालुक्यातलं हे गाव त्यांच्याकडून फार लांब नाही. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. राज्यातला तो पहिला ठराव. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही त्याचं अनुकरण करावं असं सांगितलं. पेपरात मोठी बातमी होती. जाऊ म्हणाली, "तेव्हा हे होते. ह्यांनीच ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली होती. चांगलं केलं म्हणाले गावाने."

एवढं बोलून ती चहा ठेवायला उठली.

मी सुई बाजूला ठेवली आणि जाड पेन शोधायला लागले.

ज्यांना करून बघायची आहे त्यांच्यासाठी त्या कडीचं माप देते. साखळीचा आकडा मोजला, तो सहा मिलीमीटर रुंद होता. म्हणजे कडी आतून आठची हवी. आठ मिलीमीटर जाडीच्या पेनावर एक वेढा घ्यायला तार किती लागते? आठ अधिक तारेची जाडी ०.८, गुणिले ३.१४, म्हणजे साधारण २८ मिलीमीटर. वेढे घ्यायचे तीन. एकच घेतला तर बारीक साखळी फटीतून निसटते. तिनांचे ८४ मिलीमीटर. खालचा लहान गोल तीन मिलीमीटरच्या काडीवर दोन वेढ्यांचा, त्याचे २४. दोन्हींच्या मधे गळ्याशी गुंडाळायचे तीन वेढे, त्यांचे १५. बेरीज १२३. आणि पकडीत धरायला तीन-साडेतीन सेंटीमीटर वर. म्हणून १६ सेंटीमीटरचा तुकडा कापायचा. अंदाजाने कापू नये. चांदी परत जोडता येत नाही.

आधी खालचा गोल, मग पेनावर वरचे तीन वेढे एकमेकांना चिकटून. या पदकात खालचं भोक समोरून पाठीकडे जाणारं होतं, म्हणून दोन्ही गोल एकाच दिशेचे. मग उरलेली तार गळ्यावर आणून तीन वेढे. तीन वेढ्यांची कडी मोठी असली तरी नळीसारखी दिसते, आणि नळीला स्वतःचं एक रूप येतं. टोपी मोठी असली तरी मुद्दाम शिवलेली वाटते. पेन तसंच आत ठेवून वरून लाकडी मोगरीने हलके हलके ठोकलं की चांदी थोडी कडक होते आणि आकार धरते. पेनाची मात्र आशा सोडावी!

आणि एक महत्त्वाचं. कडी पूर्ण करून, कानस लावून, कापूस फिरवून झाल्याशिवाय ती पदकाच्या जवळसुद्धा न्यायची नाही. त्यानंतर वरच्या दोन मण्यांतल्या एकातून धागा बाहेर काढायचा, त्यात पाच बारीक मणी घ्यायचे, धागा कडीच्या खालच्या गोलातून न्यायचा आणि दुसऱ्या मण्यातून खाली उतरायचा. असा मण्यांचा छोटा पूल होतो. त्या पुलावरून धागा चार-पाच वेळा फिरवायचा. सगळा भार त्या पाच मण्यांवर असतो. आम्ही ते पाच मणी डबीतल्या सगळ्यात बारीक मण्यांतून शोधले. ४७ आणि ५, एकूण ५२.

कापूस मी जावेच्या हातात दिला. तिने कडीवरून सगळीकडे फिरवला, दोनदा. एकही तंतू अडकला नाही.

मग तिने गळ्यातली साखळी काढली, आकडा कडीतून आरपार घातला, पदक मधे आलं. मागे हात नेऊन स्वतःच आकडा लावला. पुन्हा काढलं. पुन्हा घातलं. लहान मुलं नवीन कंपासपेटी उघडझाप करतात तसं. मी बोलले नाही.

या फेब्रुवारीत तिच्या मुलाचं लग्न झालं. आमच्या नव्वदीच्या चुलत सासूबाईही आल्या होत्या. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी जाऊ हिरवट रेशमी साडी नेसून, गळ्यात साखळी आणि तिच्यात काळं पदक घालून सगळ्यांमध्ये वावरत होती. सासूबाईंनी तिला जवळ बोलावलं, चष्मा वर करून पदक हातात धरून बघितलं. आजूबाजूचं बोलणं जरा थांबलंच. त्यांनी पदक उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "कुणी केलं?"

"मोठ्या वहिनींनी."

"कडी मजबूत आहे," त्या म्हणाल्या आणि पदक सोडलं.

बस, एवढंच. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांना ठाऊक. पण ज्या गोष्टीकडे कोणी बघत नाही असं मी वर लिहिलं, ती त्या घरात फक्त त्यांनी बघितली, हे नोंदवून ठेवायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नाच्या वेळी जावेच्या गळ्यात नुसती साखळी होती. संध्याकाळी स्वागत समारंभात पुन्हा पदक होतं. सकाळी का नव्हतं आणि संध्याकाळी का होतं, हे मी विचारलं नाही. कोणीतरी विचारायला निघालं होतं, त्यांना मी जिलबी वाढली. तिने कधी घालायचं आणि कधी नाही याचं कारण सांगावं लागलं, तर मग एवढी मोठी कडी करून उपयोग काय झाला?

अलीकडे नवी सूनबाई तिच्या मागे लागली आहे, "आई, डबीत उरलेल्या मण्यांची मला कानातली हवीत." जाऊ हो म्हणाली आहे. म्हणजे डबी पुन्हा माझ्या टेबलावर येणार. कानातल्यांना कडी अगदी लहान लागते, तार ०.६ ची पुरते, आणि दोन्ही कानांच्या कड्या एकसारख्या यायला हव्यात. एकच कडी करणं सोपं, जोडी जुळवणं अवघड! पकडीवरची शाईची रेघ तिथे खरी उपयोगाला येते.

पण ते पुढच्या वेळी. आज लांबलं पुष्कळ. तुमच्या गावाकडे पदकाच्या कडीला दुसरा काही शब्द असेल तर जरूर कळवा, मी वहीत टिपून ठेवते आहे. आणि नणंदबाई, वाचत असाल तर सांगते, रविवारी या. कढीच केली आहे.